निजामपुऱ्यातली मुलगी आणि ग्रंथालयाचे दार



भिवंडीच्या निजामपुऱ्यातली एक मुलगी डोळ्यांपुढे आणू या. तिची शाळा उर्दू माध्यमाची. वडील यंत्रमागावर पाळी करतात, आई घरकाम उरकून कांड्या भरते. मुलगी भिवंडीतच समाजशास्त्र घेऊन बी. ए. झाली. आता ती मुंबईच्या एका महाविद्यालयात समाजकार्याचे शिक्षण घेते. आठवड्यातले काही दिवस तासांना बसायचे आणि काही दिवस वस्तीत क्षेत्रकार्य करायचे. प्रबंधिकेसाठी तिने विषय निवडला आहे तो आपल्याच गल्लीचा : कांड्या भरणाऱ्या बायकांचे काम आणि त्याची मजुरी. मार्गदर्शक बाई म्हणतात, विषय चांगला आहे, आता संदर्भ आण. इथून तिची खरी परीक्षा सुरू होते.

ही मुलगी आम्ही कल्पिलेली असली, तरी तिच्यासारख्या मुली भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत आहेत. त्यांच्यासाठी विद्यापीठाचे ग्रंथालय काय करते, हा या अंकातला आमचा प्रश्न आहे. वरवर तो किरकोळ वाटेल. अत्याचार, हुंडा, तलाक, मजुरी हे प्रश्न समोर असताना ग्रंथालयाचे काय घेऊन बसलात, असेही कोणी विचारील. पण या सगळ्या प्रश्नांवर कोण लिहिते आणि कोणावर लिहिले जाते, याचा निकाल बऱ्याच अंशी ग्रंथालयाच्या दारातच लागतो.

भिवंडीबद्दल लिहिले गेलेले नाही, असे मुळीच नाही. मे १९७० च्या भिवंडी, जळगाव व महाड इथल्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. त्याचा अहवाल अनेक खंडांचा आहे. १९८४ च्या दंगलीनंतर असगर अली इंजिनियर यांनी अभ्यास प्रसिद्ध केला. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने इथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यावर खुद्द खोपडे यांनी पुस्तक लिहिले, अभ्यासकांनी लेख लिहिले. यंत्रमाग, स्थलांतरित मजूर, घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रिया हे तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांचे नेहमीचे विषय. पण यातले बहुतेक सारे वाचायला भिवंडीच्या मुलीला मुंबई गाठावी लागते. तिच्या आईची मुलाखत घेऊन लिहिलेली प्रबंधिका मुंबईतल्या कुठल्या तरी कपाटात असू शकते, पण ती तिच्या आईच्या दारी परत येत नाही. वस्तीने माहिती द्यायची आणि शहराने ज्ञान साठवायचे, अशी ही वाटणी आहे. घरातल्या बाईने रांधायचे आणि तिनेच शेवटी जेवायचे, यापेक्षा ती फार वेगळी नाही.

आता मुंबई गाठणे म्हणजे काय, तेही पाहू. भिवंडीहून मुंबईला थेट लोकल नाही. भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर आहे, तिथे गाड्या मोजक्या. म्हणून बसने किंवा शेअर रिक्षाने ठाणे नाही तर कल्याण, तिथून लोकल, उतरल्यावर पुन्हा बस किंवा पायपीट. त्या दिवशी तास असतील तर वाचायला उरतो जेमतेम तासभर. सुटीच्या दिवशी खास वाचायला जायचे तर अर्धा दिवस प्रवासातच जातो, शिवाय दिवेलागणीच्या आत घरी पोचायचे असते. तिचा भाऊ रात्री आठपर्यंत वाचत बसला तर त्याचे कौतुक होते. ती बसली तर शेजारीपाजारी घरच्यांना विचारू लागतात. ग्रंथालयाच्या वेळापत्रकावर मुलगे आणि मुली असा भेद कुठेच लिहिलेला नसतो, तरीही ते दोघांना सारखे लागू पडत नाही. दुसऱ्या संस्थेच्या ग्रंथालयात जायचे असेल तर बहुतेक ठिकाणी प्राचार्यांचे पत्र, ओळखपत्र, कधी दिवसाचे शुल्क असा सोपस्कार असतो. ज्या मुलीला घराबाहेर पडण्याची परवानगी रोज नव्याने मिळवावी लागते, तिने आणखी किती परवानग्या गोळा करायच्या?

दुसरी अडचण भाषेची. ती विचार करते उर्दूत, वस्तीत बोलते हिंदी-उर्दूत, महापालिकेचे आणि पोलीस ठाण्याचे कागद मराठीत असतात आणि वाचायची पुस्तके इंग्रजीत. 'पितृसत्ता' हा शब्द तिला परीक्षेपुरता पाठ असतो, पण आपल्या घरातला कोणता व्यवहार त्यात बसतो हे सांगणारे पुस्तक तिच्या हाती पडत नाही. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी हाच प्रश्न लावून धरला होता. वर्गात भाषेची उतरंड जशीच्या तशी ठेवून समतेचा अभ्यास कसा होणार, असा त्यांचा आग्रह असे. त्या २०१३ साली गेल्या, पण प्रश्न अजून तिथेच आहे.

तिसरी अडचण ग्रंथालयाच्या आतली आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आपल्या बऱ्याच महाविद्यालयांत पुस्तके ड्यूई पद्धतीने लावलेली असतात. त्या पद्धतीच्या जुन्या आवृत्त्यांत 'स्त्रिया' हा विषय ३९६ या क्रमांकावर, म्हणजे रूढी, शिष्टाचार आणि लोककथा यांच्या शेजारी होता. पुढे तो समाजशास्त्रात ३०५.४ वर आला. एवढा एक आकडा कोणी सांगितला तर मुलीची अर्धी शोधाशोध वाचते. पण कांड्या भरणाऱ्या बाईवरचे पुस्तक तेवढ्यानेही सापडेलच असे नाही. ते कामगार, उद्योग, अर्थशास्त्र अशा चार कपाटांत विखुरलेले असते. तिथे मदतीला लागतो माणूस, विषय समजून घेणारा आणि न ओरडता उत्तर देणारा ग्रंथपाल. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांचा सारा भर पुस्तके वापरली जाण्यावर आणि वाचकाचा वेळ वाचवण्यावर आहे. आपल्याकडे मात्र अजूनही कुलपाची काळजी अधिक.

हे असेच असायला हवे, असे नाही. आपला इतिहास वेगळेही सांगतो. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली सुरू झाली ती नागपाड्यात, निजामपुऱ्यासारख्याच कष्टकऱ्यांच्या वस्तीत. समाजकार्याचे शिक्षण आपल्याकडे वस्तीतूनच उगवले, पुढे ते देवनारच्या आवारात गेले. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. भारतीय विद्यापीठातले ते असे पहिले केंद्र. ताराबाई शिंदे यांचे १८८२ चे 'स्त्री-पुरुष तुलना' आपण आज सर्रास वाचतो, कारण स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केले. मधली नव्वद वर्षे ताराबाई जणू लिहून न लिहिल्यासारख्याच होत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघरी जाऊन भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली सिद्ध केले, कारण ग्रंथालयांत त्या बायका फारशा नव्हत्याच. आपल्या भिवंडीपासून जवळच, मुंब्र्यात, 'आवाज-ए-निस्वाँ'ने मुलींसाठी 'रहनुमा' वाचनालय उभे केले. मुलींना बसायला स्वतःची जागा मिळाली की त्या येतात, हे त्यातून दिसले.

यावर उत्तर मिळते की आता सारे संगणकावर आहे. खरे आहे, पण पुरते नाही. २०१० साली आलेल्या एन-लिस्ट योजनेतून महाविद्यालयांना इंग्रजी नियतकालिके खुली झाली, 'शोधगंगा'वर पीएच. डी. चे प्रबंध मोफत वाचता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केले. त्यात सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आहेत. भिवंडीसारख्या गावात महाविद्यालये चालवतात त्या बहुधा खासगी शिक्षणसंस्था. शिवाय एम. ए. च्या आणि समाजकार्याच्या प्रबंधिका 'शोधगंगा'वर नसतात, मराठी-उर्दू पत्रके आणि अहवाल तर कुठेच नसतात. घरात एकच मोबाइल असेल तर तो आधी कोणाच्या हाती जातो, हे आपल्याला सांगायला नको.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या वर्गातही क्षेत्रकार्य आणि संशोधन प्रकल्प आले आहेत. म्हणजे निजामपुऱ्याच्या मुलीची ही अडचण आता एकट्या एम. ए. वालीची राहिलेली नाही. म्हणून आमच्या मागण्या साध्या आणि नेमक्या आहेत.

मुंबई विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र बाळकुमला आहे. कशेळीचा पूल ओलांडला की बाळकुम. तिथे समाजविज्ञानांचे संदर्भ ग्रंथालय आणि विषय जाणणारा ग्रंथपाल असावा, आणि संलग्न महाविद्यालयातल्या प्रत्येक विद्यार्थिनीला वेगळे पत्र न आणता तिथे बसता यावे. ज्या वस्तीवर प्रबंधिका लिहिली तिची एक प्रत त्या गावातल्या महाविद्यालयात किंवा सार्वजनिक वाचनालयात ठेवणे बंधनकारक करावे. मुलाखत देणाऱ्यांची नावे आणि खाणाखुणा त्यातून आधी वगळाव्यात, हे अर्थातच आले. दर वर्षाच्या सुरुवातीला ग्रंथपालाने संदर्भ कसे शोधायचे याचे तास घ्यावेत, आणि मराठी व उर्दू वाचनाच्या याद्या कराव्यात. मुलींच्या सोयीची वेळ, स्वच्छ संडास आणि पिण्याचे पाणी हाही ग्रंथालयाचाच भाग आहे. अनामत रकमेपायी कोणी मागे राहू नये.

आता थोडे स्वतःकडे पाहू. आपण संघटनांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पत्रके काढली, पाहण्या केल्या, शिबिरांची टिपणे लिहिली. त्यांतली किती आज सापडतील? कार्यालय बदलले की गठ्ठे रद्दीत जातात. मोहल्ला समित्यांत बायका किती होत्या, त्या काय बोलल्या, हे उद्या एखाद्या मुलीला लिहायचे झाले तर आपण तिच्या हाती काय देणार? विद्यापीठाला जाब विचारताना आपली कपाटेही उघडली पाहिजेत. तुमच्याकडे जुने अंक, पत्रके, अहवाल असतील तर त्यांची यादी करून आम्हाला कळवा. यादी आली की प्रती कुठे ठेवायच्या ते सगळ्याजणी मिळून ठरवू.

निजामपुऱ्यातल्या मुलीला दया नको आहे. आपल्या आईच्या कामावर आजवर काय लिहिले गेले ते तिला वाचायचे आहे, त्यात चुकले असेल ते खोडायचे आहे आणि राहिले असेल ते लिहायचे आहे. त्यासाठी तिला पुस्तक हवे, आणि ते घेऊन बसायला जागा हवी.