पीपीटी विकत मिळते, बोलणं विकत मिळत नाही

आज थेट मुद्द्यावर येतो. शाळेत लाइव्ह व्हिडिओ कॉन्फरन्स असली की मुलांचं प्रेझेंटेशन दुकानातून करून घ्यायचं, ही सवय बंद करा. आता हे कोण सांगतंय बघा. याच कामाचे ज्याला पैसे मिळतात, तो दुकानदार. तोटा माझाच आहे, तरी सांगतो.

तयार पीपीटी म्हणजे तयार वाक्यं. पोरगं ती वाचून दाखवतं. मग पलीकडच्या वर्गातून एखादी मुलगी विचारते, "कोल्हापुरी चप्पल पावसात भिजली तर काय होतं?" आणि इकडे सगळे गप्प. लाइव्हची सगळी गंमत प्रश्नात आहे आणि तयारी मात्र फक्त स्लाइडची झालेली असते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवा. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं. १० लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटली. चर्चा पैशांची झाली, पण आपण बघायचं ते त्यांचं काम. व्हिडिओ कॉलवरून त्यांनी दुसऱ्या देशांतल्या वर्गांना प्रयोग दाखवले, देशोदेशीच्या मुलांना एकमेकांशी बोलतं केलं. तेव्हा 'मिस्टरी स्काइप' नावाचा खेळही शाळांमध्ये चालायचा. हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे आणि समोरचा वर्ग कुठला ते ओळखायचं. त्याला भारी स्लाइड लागतच नव्हती. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, पण ही पद्धत आजही कुठल्याही ॲपवर चालते.

मग तयारी कशी करायची?

पहिलं, वेळेचा हिशोब. झूमची फुकटची मीटिंग ४० मिनिटांत संपते. जोडणी आणि ओळख यात १० मिनिटं, प्रश्नांना १०. उरली २०. म्हणजे ४ गट, प्रत्येकी ५ मिनिटं. एका गटाला ३-४ स्लाइड पुष्कळ झाल्या. एका स्लाइडवर एक फोटो आणि मोठ्या अक्षरात एक ओळ, बास.

दुसरं, माहिती स्वतः आणायची. चपलेला २०१९ साली जीआय मिळाला, त्यात महाराष्ट्राचे ४ आणि कर्नाटकचे ४ जिल्हे आहेत, २०२५ मध्ये प्राडामुळे वाद झाला, हे नेटवर कुणालाही मिळतं. पण चामडं कमावताना बाभळीची साल आणि हिरडा का वापरतात, हे कारागिराला विचारून आलेलं पोरगं प्रश्नाला अडत नाही.

तिसरं, तालीम. स्क्रीन बंद करून एक मिनिट बोलायला लावा. मित्रांनी ५ प्रश्न विचारायचे. "माहीत नाही, विचारून सांगतो" हेसुद्धा उत्तर आहे, ते म्हणायला शिकवा.

चौथं, आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच नेटवर ट्रायल घ्या. उजेड तोंडावर पाहिजे, खिडकी पाठीमागे नको. माइक बोलणाऱ्याजवळ ठेवा, पंख्याची घरघर ऐका. लाइट गेली तर म्हणून एका मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा.

काही पालक म्हणतील, "बाकीच्यांची पीपीटी भारी असते, आमचं पोर मागं पडेल." पटतं मला. मार्क स्लाइडच्या सजावटीला मिळत असतील तर पालक तरी काय करणार? म्हणून शिक्षकांना विनंती आहे, निम्मे मार्क प्रश्नोत्तरांना ठेवा. दुकानाकडची रांग आपोआप कमी होईल.

मी व्यावसायिकांना ट्रेनिंग देतो. कॅटलॉग चकाचक असतो, पण गिऱ्हाइकानं "हे महाग का?" विचारलं की चांगली मोठी माणसं अडखळतात. ती भीती शाळेतच घालवता येते. त्यासाठी पुढच्या कॉन्फरन्सला पोराच्या हातात पेनड्राइव्ह देण्याआधी त्याला एवढंच विचारा, "लाइटच गेली तर तू काय सांगशील?"