सातबारा आमचा, पैसा कुणाचा?



ईडी हा शब्द आता गावच्या पारावरही रुळला आहे. कुणा पुढाऱ्याच्या घरी धाड पडली, कोण आत गेला, कोण पक्ष बदलून बाहेर राहिला, यावर चहाच्या टपरीवर तासन् तास वाद चालतो. ज्याला तो घालायचा त्याने खुशाल घालावा. आपला प्रश्न वेगळा आहे. हे खाते पैशाचा माग काढत निघते, तेव्हा वाटेत कोरडवाहू शेतकऱ्याचे नाव का लागते?

आधी हे खाते काय ते पाहू. सक्तवसुली संचालनालय केंद्राच्या अर्थखात्याखाली येते. १९५६ साली ते सुरू झाले तेव्हा त्याचे काम परकीय चलनाच्या चोरीपुरते होते. आजची धार त्याला आली ती २००२ च्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याने. हा कायदा १ जुलै २००५ पासून लागू आहे.

मनी लाँडरिंग म्हणजे काय, हे कापूसवाल्याला सांगायला फार वेळ लागू नये. कवडी कापूस चांगल्या कापसात मिसळून जिनिंगमध्ये घातला आणि गाठ बांधली, की कोणता बोंड कुणाच्या शेतातला हे कोण सांगणार? गुन्ह्याचा पैसा असाच दहा खात्यांतून फिरवतात, त्यात खरा धंदा मिसळतात आणि शेवटी जमीन, बंगला, कारखाना अशी गाठ बांधतात. ईडीचे काम उलटे चालते. गाठ फोडायची आणि धागा धागा मागे नेत मूळ शेतापर्यंत पोचायचे.

पण ईडीला स्वतः होऊन कुणाच्याही मागे लागता येत नाही. आधी पोलीस, सीबीआय किंवा दुसऱ्या एखाद्या खात्याने फसवणूक, लाच यांसारखा कायद्याच्या यादीतला गुन्हा नोंदवलेला असावा लागतो. त्या गुन्ह्यातून आलेला पैसा हा ईडीचा विषय. त्याची खबर बँकाही देतात. एका महिन्यात दहा लाखांवर रोकड फिरली किंवा व्यवहार संशयास्पद वाटला, तर बँकेला दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता कक्षाला कळवावे लागते.

ईडीच्या हातातले सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे जप्ती. खटला उभा राहण्याआधीच ती मालमत्तेवर १८० दिवसांची तात्पुरती टाच आणू शकते. त्या मुदतीत न्यायनिर्णय प्राधिकरणाने मान्यता दिली की टाच पुढे चालू राहते. चौकशीला बोलावलेल्या माणसाला जावेच लागते, आणि त्याने सही केलेला जबाब कोर्टात पुरावा म्हणून चालतो. पोलिसांपुढच्या कबुलीला ती किंमत नसते. आरोपपत्र झाले की पैसा स्वच्छ आहे हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. जामीन तर महाकठीण. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने हे अधिकार कायम ठेवले. त्याच कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये ईडीला सुनावलेही, कारण दहा वर्षांत पाच हजारांवर प्रकरणे नोंदवून शिक्षा लागली होती चाळीस प्रकरणांत. एवढी पेरणी करून एवढेच पीक आले, तर आपण बियाणेवाल्याला सोडले असते काय?

आता आपल्या दारातले बोलू. परभणी जिल्ह्यात गंगाखेडच्या एका खासगी साखर कारखान्याने शेतकऱ्यांच्या नावावर बँकांतून कर्जे उचलल्याची तक्रार झाली आणि २०१७ साली पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. ज्यांनी कर्ज पाहिलेही नव्हते त्यांना बँकांच्या नोटिसा आल्या. पुढे ईडी उतरली. तिच्या म्हणण्याप्रमाणे २०१२-१३ ते २०१६-१७ या काळात तोडणी-वाहतूक योजनेत ६३५ कोटींची कर्जे शेतकऱ्यांच्या नावे काढली गेली. डिसेंबर २०२० मध्ये तिने कारखान्याची आणि संबंधित कंपन्यांची २५५ कोटींची मालमत्ता जप्त केली. हा ईडीचा आरोप आहे, कोर्टाचा निकाल नव्हे. पण ज्याचा सातबारा वापरला गेला त्याची पत त्याच दिवशी बुडते. खऱ्या पीककर्जाला तो बँकेत गेला की साहेब म्हणतो, तुमच्या नावावर थकबाकी आहे.

२०२४ साली मालेगावात निराळा प्रकार उघडकीस आला. मक्याचा व्यापार करायचा आहे, शेतकऱ्यांना पैसे द्यायला खाती हवीत, असे सांगून डझनभर तरुणांची कागदपत्रे घेतली गेली आणि एका सहकारी बँकेत त्यांच्या नावाने खाती उघडली. त्या खात्यांतून शंभर कोटींहून जास्त रक्कम फिरल्याचे ईडी सांगते. मक्याचे एक पोतेही न उचलता!

आमच्या नावालाच एवढी मागणी का? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून काळा पैसा शेतीचा म्हणून दाखवता येतो. पीककर्ज गठ्ठ्याने मंजूर होते, म्हणून बनावट नाव खपून जाते. आणि आम्ही आधारची झेरॉक्स विडी-काडीसारखी वाटत फिरतो. दोन हजार रुपये महिन्याने पासबुक आणि सिमकार्ड भाड्याने देणारी पोरे आता खेड्यातही भेटतात. उद्या बोलावणे येईल ते खातेदाराला. भाडे देणारा केव्हाच पसार झालेला असेल.

जप्त पैसा जातो कुठे, तेही पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की ईडीने २२,२८० कोटींची मालमत्ता परत मिळवून दिली. त्यातले १४,१३१ कोटी एकट्या विजय मल्ल्या प्रकरणातले, आणि ते गेले सरकारी बँकांकडे. बँकांचे पैसे परत आले हे चांगलेच झाले. पण बँकेकडे वकील असतो, कागद असतो आणि दावा लावायला माणूस असतो. शेतजमिनीच्या नावाखाली पैसा गोळा करणाऱ्या पीएसीएल, म्हणजे पर्ल्स कंपनीने देशभरातल्या पाच कोटींहून जास्त लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये घेतले. ते परत करा, असा आदेश सेबीने २०१४ सालीच दिला. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यायमूर्ती लोढा समिती नेमली. समितीने लहान रकमांचे दावे आधी घेतले आणि मूळ प्रमाणपत्रे मागितली. ज्या माउलीने प्रमाणपत्र एजंटाच्याच हवाली केले होते, तिने काय दाखवायचे?

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने तीन कागद आणावेत. ताजा सातबारा, त्यात 'इतर हक्क' रकान्यात कुणाचा बोजा चढला आहे ते पाहायचे. बँकेचा कर्जखाते उतारा. आणि सिबिलसारख्या कंपनीचा पतअहवाल. तो प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला हाकलून द्या. अनोळखी कर्ज दिसले तर बँकेला त्याच आठवड्यात लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. आधारच्या झेरॉक्सवर आडवे लिहा, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. खात्यात न ओळखीची रक्कम आली तर खर्च करू नका, बँकेला कळवा. खात्यातून पैसे गेले तर १९३० वर फोन करा. ईडीचे बोलावणे आलेच तर घाबरून घरी बसू नका. आधी वकिलाचा सल्ला घ्या, मग जा, आणि जबाब समजेल अशा भाषेत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासोबत बैठकीतूनच माणूस दिला जाईल. पर्ल्सच्या पावत्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी मूळ कागद आणि दोन प्रती घेऊन यावे. मूळ कागद मात्र कुणाच्याही हातात सोडू नये, आमच्याही नाही.