वजन आणि वाण्याची यादी

४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्‍घाटन झाले. भट्टीपुढे राबणाऱ्या शरीरास भरपूर अन्न लागते. आज त्याच नगरातील पुष्कळांचे काम खुर्चीत बसून चालते. वाण्याची यादी मात्र अनेक घरी जुनीच आहे.

वजन कमी करावयाचे तर आरंभ ताटापासून नव्हे, या यादीपासून केला पाहिजे, असे आमचे मत आहे. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलापासून ९. म्हणजे महिन्याच्या सामानातून एक किलो तेल वगळले की ९,००० किलोकॅलरी घरात येतच नाहीत. एका दिवसाच्या उपासाने हे साधत नाही. कारण घरात आलेला जिन्नस आज ना उद्या पोटात जातोच.

म्हणून यादीत प्रथम भाजी लिहावी. लालभाजी, चेच, मुनगा म्हणजे आपला शेवगा, या छत्तीसगडच्या रोजच्या भाज्या होत. नंतर डाळी, मग धान्य आणि शेवटी तेल व साखर. बांधीव पुड्यांवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. आरंभीच साखर किंवा तेल दिसल्यास तो पुडा परत ठेवावा. शिधा श्रमांच्या मापाने भरावा, सवयीच्या नव्हे.