नव्या जिवाणूचे बारसे कोण करणार?

रुग्णाच्या नमुन्यात अनोळखी जिवाणू आढळला, तर तो खरोखर नवा आहे हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? प्रश्न प्रयोगशाळेपुरता वाटला तरी निदान आणि औषधयोजना त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल रुग्णांच्या जठराच्या अस्तरातील वळणदार जिवाणू वाढविण्याचा प्रयत्न करीत होते. दोन दिवसांत वाढ न दिसल्यास बशी टाकून देण्याची तेथे रीत होती. ईस्टरच्या सुटीमुळे बशा पाच दिवस उबवणपेटीत राहिल्या आणि जिवाणू हाती लागला. रूपसाधर्म्यामुळे त्याला 'कॅम्पिलोबॅक्टर' प्रजातीत बसविण्यात आले. 'पायलोरिडिस' हे नाव लॅटिन व्याकरणात बसेना, म्हणून १९८७ मध्ये ते 'पायलोरी' झाले. (व्याकरणाचे हे सोवळे या शास्त्राने आजही सोडलेले नाही.) पुढे मेदाम्ले, कशाभिकांची रचना आणि रायबोसोमच्या आरएनएचा क्रम वेगळा ठरल्याने १९८९ मध्ये 'हेलिकोबॅक्टर' ही स्वतंत्र प्रजाती मान्य झाली. वॉरन-मार्शल यांना नोबेल मिळाले ते २००५ मध्ये.

आज काम वेगाने होते. '१६ एस' जनुकाचे साम्य सुमारे ९८.७ टक्क्यांहून कमी असले, की नव्या जातीचा संशय घेतला जातो. संपूर्ण जनुकसंचाचे सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली गेले, की तो बळावतो. तथापि केवळ आकड्यांनी भागत नाही. प्लेगचा जिवाणू जनुकदृष्ट्या 'यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलॉसिस'चाच उपप्रकार ठरतो. तसे नाव सुचविलेही गेले होते. परंतु प्लेगसारख्या रोगाबाबत घोटाळा होऊन जीव धोक्यात येतील, या कारणास्तव ते १९८५ मध्ये फेटाळले गेले. वर्गीकरणाने रुग्णशय्येपुढे घेतलेली ही माघार योग्यच म्हटली पाहिजे.

भारतापुढील अडचण निराळी आहे. नव्या जातीचे नाव ग्राह्य धरले जाण्यासाठी तिचा नमुनेदार वाण दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो आणि तो इतर संशोधकांना विनाअट उपलब्ध असावा लागतो. पुणे आणि चंडीगड येथे असे संग्रह आहेत. मात्र जैविक विविधता कायदा, २००२ नुसार परदेशी व्यक्ती वा संस्थेला येथील जैविक संसाधन घेण्यासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. जैवचोरी रोखण्याचा हेतू रास्त आहे. पण औषधी वनस्पती आणि रक्तातला रोगजंतू यांना एकच कुलूप लावल्याने नाव मिळण्यास विलंब होतो. जिवाणू ओळखणारी रुग्णालयातील यंत्रे आपल्या यादीतील नावांशीच ताडून पाहतात. यादीत नसलेला जिवाणू एखाद्या जवळच्या नातलगाच्या नावाने नोंदला जाण्याची शक्यता असते आणि प्रतिजैविकही त्या नातलगाचा स्वभाव पाहून निवडले जाते.

२०२२ पासून 'सीक्कोड' ही पर्यायी नियमावली जिवंत वाणाऐवजी जनुकक्रम स्वीकारते. त्यामुळे नावाचा प्रश्न सुटू शकतो. पण कोणते औषध लागू पडते हे बशीत पाहायचे, तर जिवंत जिवाणूच हवा.