आवड होती म्हणे

इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा सेंटर फॉरवर्ड जेफ ॲस्टल जानेवारी २००२ मध्ये गेला. वय ५९. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॉरोनरने निकाल दिला : इंडस्ट्रियल डिसीज. म्हणजे कामामुळे जडलेला आजार. गिरणी कामगाराच्या फुप्फुसात कापूस जातो, तसा याच्या डोक्यावर वर्षानुवर्षं चेंडू आदळत राहिला.

फुटबॉलप्रेमींना हा शब्द नकोसा वाटतो. 'आवडीनेच खेळत होते ना? जबरदस्ती कोणी केली?' रात्र रात्र जागून प्रीमियर लीग बघणारे माझे मित्रही हेच म्हणतात. आवड असली की कामाला काम म्हणायचं नाही, हा युक्तिवाद मी आयटीतही ऐकतो, बहुतेक वेळा रात्री अकराच्या डिप्लॉयमेंटच्या आधी.

१९६८ च्या एफए कप फायनलचा एकमेव गोल ॲस्टलचा. (तो मात्र डाव्या पायाने. नाव झालं ते हेडरमुळे.) निवृत्तीनंतर त्याने खिडक्या साफ करायचा धंदा काढला, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात बेसूर गाऊन लोकांना हसवलं. शेवटी शेवटी आपण फुटबॉलपटू होतो हेही त्याला आठवत नव्हतं, असं त्याची मुलगी डॉन सांगते. २०१४ मध्ये त्याचा मेंदू पुन्हा तपासला तेव्हा सीटीई निघाला. बॉक्सरांमध्ये आढळणारा आजार.

'तेव्हाचा चामड्याचा चेंडू भिजून जड व्हायचा, आता तसं नाही.' हे दुसरं ठरलेलं उत्तर. कोरड्या चेंडूचं वजन तेव्हाही साधारण आजच्याइतकंच होतं, आणि आजचा चेंडू जास्त वेगाने येतो. ग्लासगो विद्यापीठाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण सामान्य लोकांच्या साडेतीनपट. हा अभ्यास आला २०१९ मध्ये, कॉरोनरच्या निकालानंतर सतरा वर्षांनी. २०२१ मध्ये त्याच गटाने जागेनुसार हिशोब मांडला. बचावपटूंना धोका सगळ्यात जास्त, जवळपास पाचपट. गोलकीपरना जवळजवळ इतर लोकांइतकाच. एकाच क्लबात, एकाच काळात खेळलेली माणसं ही. आता यात आवडीचा काय संबंध? गोलकीपरला काय खेळ कमी आवडतो?

२०२० पासून इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडर शिकवू नये, अशी मार्गदर्शक सूचना आहे. परवा आमच्या टर्फवर आठ-नऊ वर्षांची मुलं रांगेत उभी होती आणि कोच एकेकाच्या डोक्यावर चेंडू टाकत होता. मी न राहवून विचारलं. तो म्हणाला, "पालकांनी फी भरलीय सर. आणि मुलांना आवडतं."