पूर ओसरल्यावर उभे राहणारे घर

मृग नक्षत्राला अद्याप पंधरवडा अवकाश होता. शेतांची मशागत पुरी व्हायची होती, घरांची डागडुजी राहिली होती. अशा वेळी, २५ मे २०२५ रोजी बारामती आणि इंदापूर तालुक्यांवर आभाळ फाटले. निरा डावा कालवा पिंपळी-लिमटेकजवळ फुटला, काटेवाडीत पाणी घराघरांत शिरले. ज्या मुलखात मे महिन्याचा अखेर म्हणजे पाण्याच्या टँकरची वाट पाहण्याचे दिवस, तेथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके पाठवावी लागली. पुढे सर्व काही रीतीप्रमाणे झाले. नेत्यांचे दौरे झाले, पंचनामे झाले, मदतीच्या घोषणा झाल्या. पाणी ओसरले आणि त्याबरोबर विषयही ओसरला. मागे उरली ती ओल धरून कोसळलेली भिंत आणि तिच्याकडे पाहत बसलेले कुटुंब.

हा प्रसंग एकटा असता, तर दैवाला बोल लावून पुढे जाता आले असते. पण २०१९च्या सप्टेंबरअखेरीस कऱ्हेला आलेल्या पुराने बारामती शहरातील नदीकाठच्या वस्त्या रात्रीतून रिकाम्या करावयास लावल्या होत्या. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२०च्या मध्यास परतीच्या पावसाने इंदापूर तालुक्यातील ओढ्यानाल्यांना नदीचे रूप दिले. दक्षिणेला नीरा, उत्तरेला व पूर्वेला भीमा, मधून वाहणारी कऱ्हा. त्यात कालव्यांचे जाळे आणि उजनीचा फुगवटा. अशा पाण्याच्या वेढ्यात हा प्रदेश वसलेला आहे. आणि तरीही तो पर्जन्यछायेचा, अवर्षणप्रवण प्रदेश म्हणूनच ओळखला जातो. या विरोधाभासातच घरांच्या प्रश्नाचे मूळ आहे.

कारण येथले जुने घर हे दुष्काळाचे घर आहे. पांढरीची माती, चिखलात रचलेले दगड वा कच्च्या विटा, वर धाबे किंवा पत्रा. कमी पावसाच्या मुलखात अशी भिंत शंभर वर्षे टिकते आणि उन्हाळ्यात गारवा देते. आपल्या पूर्वजांनी ती अज्ञानाने बांधली नव्हती; आपल्या आभाळाची पुरती ओळख ठेवून बांधली होती. आता आभाळाचाच स्वभाव पालटला आहे. मातीची भिंत दोन दिवस पाण्यात उभी राहिली की तळाशी विरघळते आणि वरचा भार घेऊन खाली बसते. खालची काळी जमीन पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि पक्क्या विटांच्या भिंतीलाही तडे देते. भिंतीवरच छप्पर टेकलेले असल्यामुळे भिंत गेली की छप्पर गेले आणि छप्पर गेले की संसार उघड्यावर आला.

यावर शासनाचे उत्तर काय? आपत्ती निवारणाच्या २०२२ ते २०२६ या कालावधीसाठी ठरलेल्या निकषांनुसार सपाट प्रदेशातील घर पूर्ण पडले, तर १ लाख २० हजार रुपये. कच्च्या घराची अंशतः पडझड झाली, तर ४ हजार रुपये. चार हजारांत पडलेली भिंत फार तर पुन्हा चिखलातच रचता येते आणि पुढच्या पुरात ती पुन्हा पडते. एकच भिंत आपण वर्षानुवर्षे सरकारी पैशाने बांधतो आहोत आणि निसर्ग ती वर्षानुवर्षे पाडतो आहे. याला मदत म्हणता येईल, पुनर्वसन म्हणता येणार नाही.

म्हणूनच पोलादी सांगाड्याच्या घराचा विचार आता गांभीर्याने व्हावयास हवा. त्याचे तत्त्व सोपे आहे. घराचा सारा भार खांब आणि तुळया पेलतात. भिंत ही केवळ आडोसा असते. पुरात भिंत भिजली, पडली तरी छप्पर जागेवर राहते, माणसे दबून मरत नाहीत, आणि पाणी ओसरल्यावर त्याच सांगाड्यात नवी भिंत भरता येते. नुकसान होते, पण घर जात नाही.

कोणी म्हणेल, हे परदेशी खूळ आहे. तसे ते मुळीच नाही. आपल्याकडे घर मोजले जाई ते खणांत. लाकडी खांब, त्यांवर तुळई, तुळईवर कडीपाट. वाड्याचा भार या सांगाड्यावर असे आणि खांबाखाली दगडी तळखडा असे, म्हणजे जमिनीची ओल लाकडाला लागू नये. ब्रह्मपुत्रेच्या पूरमैदानात मिसिंग बांधव खांबांवर उचललेली चांग घरे पिढ्यान्पिढ्या बांधत आले आहेत. सांगाड्याचे शास्त्र या देशाला शिकवावे लागत नाही. जंगले विरळ झाली, सागवान सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेले आणि गरिबाच्या घरातून सांगाडा नाहीसा झाला. उरली ती फक्त भिंत. पोलादाने तो सांगाडा परत येऊ शकतो, एवढाच याचा अर्थ.

त्यासाठी कारागीरही दुरून आणावयास नकोत. बारामती-इंदापूरच्या कोणत्याही रस्त्याने जा. गायींचे मुक्त गोठे लोखंडी खांबांवर उभे आहेत. गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्याने ते आठ-दहा दिवसांत उभे केलेले असतात. गाय पोलादी सांगाड्याखाली आणि मालक चिखलाच्या भिंतीआड, असे चित्र या सधन म्हणविणाऱ्या पट्ट्यात दिसते. गोठ्यासाठी जे शहाणपण सुचले, ते घरासाठी का सुचू नये?

मात्र पोलाद म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गोठ्याचे चार खांब आणि माणसाचे घर यांत फरक आहे. पाया काळ्या मातीत न ठेवता खालच्या मुरमापर्यंत नेला पाहिजे. जोते मागच्या पुराच्या खुणेहून उंच हवे. खांबाचा तळ जमिनीत न पुरता काँक्रीटच्या उंचवट्यावर बोल्टने आवळला पाहिजे. हा आपला जुना तळखडाच. पोलादाचा खरा शत्रू गंज. म्हणून जस्ताचा लेप दिलेलेच पोलाद वापरावे आणि जेथे वेल्डिंगने तो लेप जळतो, तेथे जस्तयुक्त रंग पुन्हा द्यावा. पोकळ खांबांत पुराचे पाणी व गाळ साचला, तर ते आतून कुजतात आणि बाहेरून कळतही नाही. छप्पर वाऱ्याने उडू नये म्हणून ते सांगाड्याशी घट्ट जखडावे लागते. आणि पत्र्याच्या भिंती लावून उन्हाळ्यात घराची भट्टी करण्यात तर काहीच अर्थ नाही. भिंत पक्क्या विटांची किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांचीच असावी.

त्याहून मोठी गोष्ट जागेची. राज्याच्या पाटबंधारे खात्याच्या संकल्पनेत २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आहे. निळ्या रेषेच्या आत कोणतेही पोलाद घराला वाचवू शकत नाही. वाहते पाणी पायाखालची माती खरवडून नेते. नदीची जागा नदीला सोडलीच पाहिजे. पण ओढ्यावरची अतिक्रमणे आणि कालव्याचा दुबळा भराव यांचे काय? २०२५चे पाणी घराघरांत शिरले, ते काही केवळ नदीने आणले नव्हते. कालव्याची निगा न राखता गरिबाला पक्के घर बांधण्याचा उपदेश करणे हा दांभिकपणा ठरेल.

सांगाड्याला सुरुवातीचा खर्च अधिक येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात. राज्य शासनाने २०२५मध्ये त्यात ५० हजारांची भर घातली. एवढ्यात सारे बसणार नाही. पण क्रम बदलता येईल. आज हप्ते मिळतात ते जोते, भिंती, छप्पर या टप्प्यांनी. पूरप्रवण गावांसाठी जोते, सांगाडा, छप्पर आणि मग भिंत असा क्रम मान्य करावा. डोक्यावर छप्पर आले की भिंत कुटुंब आपल्या हातांनी, सवडीने उभी करू शकते. शासनाने या पट्ट्यासाठी प्रमाणित आराखडे द्यावेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांना हे काम शिकवावे.

आणि समाजाने? पूर आला की आपल्याकडे धान्य, कपडे, पांघरुणे यांचा ओघ सुरू होतो. ती माणुसकी मोलाची आहेच. परंतु सेवाभावी संस्थांनी शिध्याच्या पिशवीबरोबरच एखाद्या वस्तीतील दहा घरांचे सांगाडे उभे करण्याचे दायित्व घेतले, तर पुढच्या पुरात त्या दहा घरांना शिध्याची पिशवी लागणार नाही. भिंत पडल्यावर धावून जाणारा समाज आपण आहोत, यात शंका नाही. घर पडूच नये यासाठी आधी हात लावणारा समाज आपल्याला व्हावयाचे आहे. पुढचा पाऊस त्याची वाट पाहत थांबणार नाही.