प्रशिक्षण फोन उचलणाऱ्यापासून सुरू करा

काही वर्षांपूर्वी एका वस्तीतील आई मुलाच्या जामिनासाठी माझ्याकडे आली. मुलगा तेवीस वर्षांचा, मानसिक आजाराचा रुग्ण. सरकारी दवाखान्यात औषध शिल्लक नव्हते, बाहेरून आणायला पैसे नव्हते, म्हणून दोन महिने गोळ्या बंद. एका रात्री तो भांडी फेकू लागला, भिंतीवर डोके आपटू लागला. घाबरून तिने पोलिसांना फोन केला. "पोरगा अंगावर धावतोय," एवढेच ती बोलू शकली. फोन घेणाऱ्याने नाव-पत्ता विचारला आणि नोंद केली, घरगुती मारहाण. पोलीस आले ते त्याच तयारीने. काठी पाहून मुलगा आणखी बिथरला, हातातला तांब्या त्याने भिरकावला, तो शिपायाला लागला. भारतीय दंड विधान कलम ३५३, सरकारी नोकरावर हल्ला, अजामीनपात्र. जामिनाला एकवीस दिवस लागले. ती माऊली म्हणाली, "वकीलसाहेब, फोनच केला नसता तर बरं झालं असतं."

शिपायाला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण त्याला कळविण्यात काय आले होते? मारहाण. आजारी माणूस आहे, हे सांगितले कोणी?

२०२१ पासून महाराष्ट्रात ११२ हा एकच क्रमांक सुरू झाला. फोन वाशिमच्या खेड्यातून करा की ठाण्यातून, तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथे बसलेली व्यक्ती माहिती संगणकात भरते. ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि पुढे पोलिसांच्या गाडीतील पडद्यावर जाते. म्हणजे शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या माणसाने ऐकून टाइप केलेला शब्द वाचून पोलीस आपल्या दारात येतो. तो शब्दच चुकला तर?

कायद्यात उणीव आहे असे म्हणण्याची सोय शासनाला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३० नुसार पोलिसांसह शासकीय अधिकाऱ्यांना या विषयाचे ठरावीक काळाने प्रशिक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. कलम १०० म्हणते की, मानसिक आजारामुळे स्वतःला वा इतरांना धोका असलेल्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घ्यावे आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे. अशा व्यक्तीला कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. पण हे कलम लागू होते की नाही, हे ठरायला सुरुवात होते ती फोनवर.

अमेरिकेत हा धडा रक्त सांडल्यावर शिकला गेला. १९८७ साली मेम्फिस शहरात स्वतःवरच चाकू चालविणाऱ्या २७ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणासाठी ९११ वर फोन गेला. पोलीस आले आणि त्यांनी त्याला गोळ्या घालून ठार केले. लोक संतापले. १९८८ मध्ये तिथे पोलिसांच्या ४० तासांच्या प्रशिक्षणाची पद्धत उभी राहिली. फोन घेणाऱ्यांचे प्रशिक्षणही या पद्धतीचा भाग आहे. टेक्सासमधील ऑस्टिन शहरात २०२१ पासून ९११ वर फोन करणाऱ्याला पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांच्याबरोबर मानसिक आरोग्य सेवा हवी का, असेही विचारले जाऊ लागले.

आपल्याकडे काय शिकवायचे? त्यासाठी परदेश दौऱ्यांची गरज नाही. आधी ठिकाण विचारून घ्या, मग घाई करू नका. हातात काही हत्यार आहे का, काही प्यायला का, औषध कोणते होते आणि कधीपासून बंद आहे, तो कोणाचे ऐकतो, हे विचारा. फोन ठेवू नका. रडणाऱ्या बाईला "नीट बोला" म्हणून दरडावू नका. ती वऱ्हाडी बोलेल, अहिराणी बोलेल, ते समजून घेणे हे त्या खुर्चीचे काम आहे. मरण्याचा विचार मनात येतो का, असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस बोलू लागतो, हेही शिकवावे लागते. आणि नोंदीत स्वच्छ लिहा, मानसिक आजार, सायरन नको, सोबत १०८ पाठवा. केंद्र शासनाची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. जिथे बोलण्यानेच भागणार असेल तिथे "तो नंबर लावा" असे सांगून सुटका करून न घेता फोन जोडून द्यावा, आणि पलीकडून आवाज येईपर्यंत लाइनवर थांबावे.

आणखी एक. आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणजे केस होणार, या भीतीने आपल्या वस्त्यांत आजही फोन केला जात नाही. जुन्या दंड विधानाचे कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत नाही. ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे. सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा राहिला आहे. "केस होणार नाही, आधी दवाखान्यात न्या," हे वाक्य फोन घेणाऱ्याच्या तोंडी असले पाहिजे.

कार्यकर्त्यांना विनंती आहे. प्रत्येक जिल्ह्यातून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. कलम ३० खाली ११२ च्या किती कर्मचाऱ्यांना, कोणत्या वर्षी, किती तासांचे प्रशिक्षण दिले आणि अभ्यासक्रम काय होता, त्याची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा. अर्जाचा मसुदा मी तयार ठेवला आहे.